जवळचं फिकं, लांबचं गडद

त्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या सगळ्या बाया कुठे ना कुठे फिरायला गेल्या. कुणी गणपतीपुळ्याला, कुणी थेट उटीला. मी गेले खोडदला, आणि तेही पिशवीत एक काळा पत्रा घालून. परत आल्यावर स्टाफरूममध्ये "काय पाहिलंस?" असं जो तो विचारायला लागला, तेव्हा मला धड काही सांगता आलं नाही. आता सांगून बघते. पण नेमकं काय पाहिलं याचा माझ्या डोक्यातला गोंधळ अजून मिटलेला नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. मी पुण्यात चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात एचिंग करते. म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, तो मेणबत्तीच्या धुरावर काळा करायचा, त्यावर सुईने चित्र काढायचं आणि पत्रा ॲसिडात ठेवायचा. सुईने जिथे मेण निघालंय तिथे ॲसिड धातूला चावतं, खाच पडते. मग खाचांत शाई भरून, पत्रा प्रेसमध्ये घालून कागदावर छाप काढायचा. जितका वेळ चावू द्याल तितकी रेघ खोल आणि काळी. हे सगळं मला माझ्या सरांनी शिकवलं. सरांच्या तळमजल्यावर त्यांची प्रेस होती, ओतीव लोखंडाची, भल्यामोठ्या चक्राची. त्या वर्षी सर मुलाकडे बंगलोरला कायमचे चालले होते. प्रेस तिकडे नेणं शक्य नव्हतं. कुणी घेतली नाही तर ती भंगारात जाणार होती.

मी मागितली. सर म्हणाले, "देईन की. पण तुझी चित्रं भिंतीला चिकटलेली असतात, वसुधा. आत जाता येत नाही. आत जाता येईल असं एक तरी करून आण, मग प्रेस तुझी. नाहीतर उगाच घरात लोखंड कशाला?"

मग त्यांनी नेहमीप्रमाणे कपाटातून तो कागद काढला. बरोक काळातलं, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं एक डच निसर्गचित्र, तळहाताएवढं. कुणी केलंय ते कळत नाही. पुढे एक मोडकं कुंपण, जाड वेड्यावाकड्या रेघांचं. मागे गवत, आखूड आखूड रेघांचं. मग पाणी, म्हणजे चार आडव्या रेघा. आणि पार टोकाला एक गाव, नुसत्या टिंबांचं. भिंग लावलं की गाव नाहीसं होतं आणि टिंबं उरतात. भिंग काढलं की गाव परत आपल्या जागी, चांगलं तीन मैलांवर. "जवळचं जाड आणि गडद, लांबचं बारीक आणि फिकं," सर म्हणाले. "एवढंच तर आहे." एवढंच मला दहा वर्षं जमलेलं नव्हतं.

खोडद

आमच्या शाळेतल्या क्लार्क थोरातबाईंचं माहेर खोडदला. "मोकळं रान हवंय ना? जा आमच्याकडे," त्या म्हणाल्या. धनत्रयोदशीला मी नारायणगावच्या स्टँडवर उतरले, तर त्यांचे भाऊ दत्ताभाऊ मोटरसायकल घेऊन हजर. घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आमच्या पुण्याच्या घरी पाहुण्याला आधी चहा की सरबत ते विचारतात. इथे दत्ताभाऊंच्या बायकोने, सुमनवहिनींनी, काही न विचारता मासवड्यांचं ताट पुढ्यात ठेवलं. रश्श्याने माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं. "तिखट झालं का?" वहिनींनी विचारलं, आणि मी मान हलवेपर्यंत आणखी एक पळी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेताच्या बांधावर गेले आणि तिथेच माझी अक्कल गहाण पडली.

खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आहेत. कांद्याच्या वाफ्यापलीकडे, द्राक्षबागेच्या मागे, एकेक तबकडी आख्ख्या वाड्यावर झाकण घालता येईल एवढी. पण ती भरीव नाही, तारांच्या जाळीची आहे. आरपार आकाश दिसतं. म्हणजे माझ्यापासून दोन शेतं अंतरावर एवढं मोठं धूड, आणि डोळ्यांना दिसतं मात्र धुरासारखं फिकं. उलट त्याच्या मागे कोसभर लांब असलेला डोंगर आश्विन संपतानाच्या स्वच्छ हवेत असा कोरून काढलेला, की त्याच्या घळी मोजाव्यात. सरांचा नियम इथे उताणा पडला होता. जवळचं फिकं, लांबचं गडद.

"भाऊ, ही तबकडी जाळीची का हो?" मी विचारलं.

"वारं जातं ना त्यातनं. भरीव असती तर उडून पार तिकडं आळे गावाला गेली असती."

"आणि करते काय?"

"आकाशातलं ऐकती म्हणं."

"काय ऐकते?"

"आमाला कुठं सांगत्यात?" दत्ताभाऊ म्हणाले आणि कांद्याला पाणी द्यायला निघून गेले.

मी हट्टाने तबकडी काढायला बसले. जाळीसाठी इतक्या बारीक रेघा ओढल्या की मनगट दुखायला लागलं. तासाभराने मान वर केली तर तबकडीने तोंड फिरवलेलं. मघाशी माझ्याकडे बघत होती, आता पार ओतुराकडे. जेवून आले तर आभाळाकडे. मी कुणाचं चित्र काढतेय तेच मला कळेना. तरी संध्याकाळपर्यंत निम्मा पत्रा भरला. तो मी खोलीतल्या कोनाड्यात उभा करून ठेवला आणि वहिनींना सांगितलं, "याला हात लावू नका हं." पण त्या तेव्हा चकल्या तळत होत्या, आणि तेलाच्या आवाजात काय ऐकू जाणार?

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. मी नदीवर जाऊन आले तर घर लख्ख. अंगणात तांब्यापितळेची भांडी उन्हात मांडलेली, आणि त्यांच्या रांगेत माझा पत्रा. चांदीसारखा.

"बाई, लई काजळी व्हती तुमच्या ताटावर," वहिनी हौसेने म्हणाल्या. "लक्ष्मीच्या दिवशी घरात काळं भांडं न्हाई ठेवीत. राख अन् काथ्यानं घासलं. निघत नव्हतं, मग राकेल लावलं. पर बघा कसं निघालं!"

रडावं की हसावं ते कळेना, म्हणून मी "छान" म्हणाले. तेवढ्याने भागलं नाही. एवढं चकचकीत ताट निघालं म्हणून वहिनींनी ते संध्याकाळी पूजेत मांडलं, लाह्या-बत्तासे घालून, थेट लक्ष्मीपुढे. मी हात जोडून उभी. बाकीचे लक्ष्मीकडे बघत होते आणि मी लाह्यांखालच्या ओरखड्यांकडे. दुसरा पत्रा मी आणलेला नव्हता. रात्री वहिनींना पत्र्याचं आणि प्रेसचं खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्या मटकन खाली बसल्या.

"मंग आता तुमचं ते यंत्र?"

"बघू," मी म्हणाले. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांचा चेहरा बघून माझाच जास्त आला.

ओतूर

पाडव्याला सकाळीच वहिनींनी मला एसटीत घातलं आणि स्वतःही शेजारी बसल्या. "काय काय लागतंय ते सांगा, ओतूरला सगळं मिळतं." लागत होतं मेण, राळ आणि डांबर. पुण्यात हे एका दुकानात डबीत तयार मिळतं. इथे वहिनींनी आधी मला कासारणीकडे नेलं. जुन्या बायका कुंकू लावायच्या आधी कपाळाला मेण लावतात, ते मेण तिच्याकडे होतं.

"किती द्यू?"

"पाव किलो," मी म्हणाले.

कासारीण माझ्या कपाळाकडे बघत राहिली. "एवढं मेण कुणाच्या कपाळाला गं बाई?"

वहिनी इतक्या हसल्या की दुकानातल्या बायकाही सामील झाल्या. त्या हसण्यात माझा कालचा राग कुठे गेला ते मलाही कळलं नाही. राळ धूप-कापराच्या दुकानात मिळाली. डांबर मात्र विकत मिळेना. ते परतताना वहिनींनी रस्त्याच्या कामावरच्या पिंपाखाली सांडलेलं उचललं, चांगलं लिंबाएवढं, आणि पदराला लागेल म्हणून माझ्याच रुमालात बांधलं.

घरी चुलीवर तिन्ही वितळवून कालवली. पत्र्यावरचे ओरखडे दत्ताभाऊंनी कोळशाने घासून घालवले होते, बरेचसे. फडक्याच्या बोळ्याने मी नवा थर दिला. तो जरा मऊच झाला, बोट लावलं तर ठसा उमटत होता. पण झाला.

निरगुडसर

भाऊबीजेला सुमनवहिनी माहेरी निघाल्या. त्यांचं माहेर निरगुडसर, आंबेगाव तालुक्यात. "तुमी बी चला बाई, तिकडं तबकड्या न्हाईत," त्या म्हणाल्या. हे मला एकदम पटलं.

तिथे त्यांच्या भावाच्या मोकळ्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या, खतासाठी. मेंढ्यांचे मालक म्हाळूआबा, साठीच्या पुढचे. त्यांच्या मुलांनी मेंढरं विकून ऊस केला होता. आबांनी मात्र आपली शंभरेक राखली होती. पुढे बाभळीच्या फांद्यांचं कुंपण, मग मेंढरं, मग ओसाड माळ, आणि पलीकडे डोंगर. डोंगर इथेही तसाच गडद. पण कुंपण बघून मी पिशवीतून पत्रा काढला. थेट सरांच्या कागदातलं कुंपण.

आता आणखी एक अडचण असते. पत्र्यावर जे डावीकडे तेच छापल्यावर उजवीकडे येतं. जुने चित्रकार आरसा वापरायचे म्हणे. मी वहिनींच्या भावजयीचा आरसा मागून घेतला, तो बाभळीला टेकवला, आणि शेताकडे पाठ करून आरशातलं शेत काढायला बसले. आबा येऊन उभे राहिले. एकदा आरशात डोकावले, एकदा मागे वळून पाहिलं.

"पोरी," शेवटी म्हणाले, "रान हिकडं हाये."

मी समजावून सांगितलं. पत्र्यावर उलटं काढलं की कागदावर सुलटं येतं, आणि आरशात न बघता काढलं असतं तर कागदावर उलटं आलं असतं.

"म्हंजे मेंढरं उलटी चालली असती?"

"हो."

"मंग सांच्याला घरी कशी आली असती?" आबांनी गंभीरपणे विचारलं. ते थट्टा करतायत की काय, ते मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

कुंपण झालं. मेंढरांपाशी अडले. पुढचं मेंढरू किती जाड काढायचं आणि मागचं किती बारीक? आरशात सगळीच सारखी. मी सुई खाली ठेवली आणि आबांना सरळच विचारलं, "आबा, एखादं मेंढरू लांब गेलंय हे तुम्हाला कसं कळतं?"

"कसं म्हंजे? दिसतंय की."

"पण काय दिसतं?"

आबा माझ्याशेजारी उकिडवे बसले. "हे बघ. पाय येगळं येगळं दिसत्यात तवर ते जवळ. हाक मारली की येतं. पाय गेलं अन् नुस्त्या पाठी दिसाय लागल्या, की शिट्टी घालायची. पाठी बी गेल्या, आख्खी घोंगडी सरकल्यावानी दिसाय लागली, तवा कुत्रं धाडायचं. अन् घोंगडी बी न्हाई, निस्ता धुरळा, म्हंजी आपुन सोताच उठायचं."

मी सुई पुन्हा उचलली. पाय म्हणजे रेघा. पाठी म्हणजे लोकरीचे आखूड फटकारे. घोंगडी म्हणजे नुसता पोत. धुरळा म्हणजे टिंबं. सरांच्या कपाटातला कागद हा माणूस रोज राखत होता.

"आणि डोंगर आबा? तो किती लांब?"

"मेंढरं घिऊन एक दिस."

"पण दिसतो तर जवळ. इतका काळा!"

"डोंगराचं काय घिऊन बसलीस! त्यो पावसाचं वारं सुटलं की अंगावर येतो, उन्हाळ्यात पार गायब व्हतो. त्याच्या दिसण्याचा भरवसा न्हाई. चालशील तवा कळंल."

मी दोन दिवस काढत होते. पाय, पाठी, घोंगडी, धुरळा. मऊ मेणाला मध्येच लोकर चिकटायची, ती सुईच्या टोकाने उचलायची. वहिनींची भावजय दर तासाला चहा आणायची आणि आरसा परत कधी मिळणार ते विचारायची. निघताना आबांनी पत्रा उन्हात तिरका धरून पाहिला. "माझी सत्तर दिसत्यात," म्हणाले. "बाकीची?" मी म्हटलं, "धुरळ्यात आहेत." त्यावर त्यांनी मान डोलावली.

पुणे

सरांच्या घरी खोकी भरून तयार. ट्रक परवा येणार होता. भंगारवाला येऊन प्रेस बघून गेला होता, चक्रावर टिचकी मारून. मी सरळ ॲसिडाच्या ताटाशी गेले.

एचिंगमध्ये जे लांबचं ते थोडा वेळ चावू देऊन बाहेर काढायचं, वॉर्निशने झाकायचं, आणि बाकीचं पुन्हा बुडवायचं. म्हणजे पहिला निर्णय हाच की सगळ्यात लांबचं काय. मी डोंगर निवडला. लांबचं फिकं, असा नियम. डोंगर पहिल्यांदा झाकला, मग धुरळा, मग घोंगडी, मग पाठी, मग पाय, आणि कुंपण शेवटपर्यंत चावू दिलं. छाप काढला आणि सरांपुढे ठेवला.

सरांनी भिंगातून कुंपण पाहिलं, मेंढरं पाहिली. मेंढरांवर पुष्कळ वेळ थांबले. मग म्हणाले, "हवा कुठली आहे ही?"

"म्हणजे?"

"हा डोंगर. ही हॉलंडची ओली हवा आहे. तू हे तिकडे पाहिलंस?"

"नाही सर. डोंगर काळाभोर होता."

"मग फिका का केलास?"

"तुम्हीच म्हणालात, लांबचं फिकं."

"मी म्हणालो," सर म्हणाले. "चाळीस वर्षं म्हणतोय. मी कधी निरगुडसरला गेलोय?"

मला भयंकर चीड आली. ज्या नियमासाठी मी दहा वर्षं मार खाल्ला, तो सांगणाराच आता हात झटकत होता. आणि नियम सोडावा तर डोंगर कुंपणाइतका काळा होणार, दोघं एकमेकांच्या अंगावर येणार, आणि चित्र पुन्हा भिंतीला चिकटणार. मग प्रेस भंगारात. वर खोटं काढल्याचा ठपका तर बसलाच होता. ॲसिडाचं असं आहे की खाच आणखी खोल करता येते, उथळ करता येत नाही. शिवाय दुसऱ्यांदा मेण द्यायचं ते इतकं पातळ, की खाचा उघड्या राहिल्या पाहिजेत. एकदा हात चुकला की पत्रा फुकट.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी गेले आणि डोंगर सोडून सगळं झाकलं. डोंगराच्या घळींत ॲसिडाचे बुडबुडे धरू लागले. किती वेळ ठेवायचं ते मला माहीत नव्हतं. मी मनात मेंढरं घेऊन चालू लागले. माळ ओलांडला, ओढा ओलांडला, दम लागला, तेव्हा पत्रा बाहेर काढला. हे काही शास्त्र नव्हे, ते मलाही कळतं.

दुसरा छाप निघाला. कुंपण काळं, डोंगर काळा. मध्ये मात्र मेंढरं, आधी पायांची, मग पाठींची, फिकट होत होत धुरळा, आणि धुरळ्याच्या मागे एकदम तो काळा डोंगर. चांगलं झालं की वाईट, मला काहीएक समजेना. एकदा बघितलं की डोंगर नाकासमोर यायचा, पुन्हा बघितलं की मैलोगणती मागे जायचा.

सर खिडकीशी छाप घेऊन बसले. भिंग लावलं, काढलं, कागद हातभर लांब धरला.

"ह्या कुंपणापासून डोंगरापर्यंत किती अंतर आहे?"

"मेंढरं घेऊन एक दिवस."

"कुणी सांगितलं?"

"मेंढरांच्या मालकांनी."

सर पुन्हा बघू लागले. "इतका काळा आहे, आणि तरी लांब आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "कसं झालं हे?"

"माहीत नाही सर," मी म्हणाले, कारण खरंच माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत नाही त्याला कुणी प्रेस का द्यावी?

सरांनी छाप टेबलावर ठेवला. उठले, प्रेसपाशी गेले, आणि दोन्ही हात पसरून तिची रुंदी मापायला लागले. एका हाताचा पंजा लोखंडावर तसाच ठेवून त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"तुझ्या घराचं दार किती रुंद आहे?"

मला सांगता येईना. आठ वर्षं त्या दारातून मी आत-बाहेर करतेय. डोळ्यांसमोर आणायला गेले तर कधी हातभर वाटायचं, कधी बैलगाडी जाईल एवढं.

"जा, मोजून ये," सर म्हणाले. "तोवर भंगारवाल्याला मी थांबवतो."

मी अनवाणीच रस्त्यावर आले.